घडीची रेष आणि जमिनीचे माप

सुट्टीच्या दिवसांत मुंबईहून मांडव्याच्या धक्क्यावर उतरणारी पुष्कळशी कुटुंबे चोंढी नाक्यावरून किहीमकडे वळतात. सुरूच्या बनातून पुळणीवर पाऊल टाकले की समोर खांदेरी-उंदेरीची बेटे दिसतात आणि ओहोटीची वेळ असेल तर पायाखाली ओल्या वाळूची भली मोठी पाटी पसरलेली असते. लहान मुले या पाटीवर काडीने जे काही काढतात त्यात घरे असतात, मासे असतात आणि शाळेचा धसका अद्याप उतरला नसेल तर चौकोनही असतात. चौकोन काढायचा, मधून रेघ ओढायची आणि दोन्ही भाग सारखे झाले की नाही यावर भांडायचे. पाठ्यपुस्तकात याच भांडणाला ‘सममिती अक्ष’ असे भारदस्त नाव आहे आणि परीक्षेत त्याला एखाददुसरा गुण असतो. वडीलधारी मंडळी तिकडे लक्ष देत नाहीत. खरे म्हणजे द्यायला हवे. कारण त्याच किनाऱ्याच्या मागे, रस्त्यालगत, जो भूखंड घेण्याचा विचार त्या मंडळींच्या मनात घोळत असतो, त्याच्या किमतीचा या रेघेशी फार जवळचा संबंध आहे.

वाळूची घडी घालता येत नाही, म्हणून आधी कागद घेऊ. ज्या रेषेवर कागद दुमडला असता काठावर काठ आणि कोपऱ्यावर कोपरा अचूक बसतो, ती रेषा म्हणजे त्या आकृतीचा सममिती अक्ष. एवढीच व्याख्या, आणि एवढीच कसोटी. चौरस हातरुमाल घ्या. तो उभा दुमडतो, आडवा दुमडतो, शिवाय दोन्ही कर्णांवर दुमडतो. चौरसाला असे चार अक्ष. आता हिशेबाच्या वहीचे पान घ्या. तेही उभे दुमडते, आडवे दुमडते. पण कर्णावर दुमडून पाहा. दोन कोपरे एकमेकांना चुकवून बाहेर डोकावतात. आयताच्या कर्णाने आयताचे दोन तंतोतंत सारखे त्रिकोण होतात हे खरे, कात्रीने कापून एकावर एक ठेवले तर ते जुळतातही. मात्र त्यासाठी एक तुकडा हातात घेऊन अर्धा फिरवावा लागतो. घडीने ते जुळत नाहीत. म्हणून आयताचे अक्ष दोनच. मुलांचा गुण जातो तो बहुधा येथे, आणि मोठ्यांचेही पाऊल येथेच घसरते: ‘सारखे दोन भाग’ आणि ‘सममित दोन भाग’ या गोष्टी वेगळ्या आहेत, हे चटकन ध्यानात येत नाही.

काजूकतलीचे ताट डोळ्यांसमोर आणा. हलवायाने थापलेल्या वडीवर एका दिशेने समांतर काप घेतले, मग तिरप्या दिशेने दुसरे. दोन्ही दिशांच्या पट्ट्यांची रुंदी सारखी असेल तर प्रत्येक वडी समभुज चौकोन होते, म्हणजे चारही बाजू सारख्या. ती दोन्ही कर्णांवर दुमडेल, पण बाजूंच्या मध्यांवर दुमडणार नाही. आयताच्या नेमके उलट. हलवायाचा हात चुकून एका दिशेची पट्टी रुंद झाली तर वडी नुसती समांतरभुज चौकोन उरते आणि मग तिला एकही अक्ष राहत नाही. चव अर्थातच तीच.

पतंगाच्या आकाराला अक्ष एक, उभ्या काडीवरचा. बाजूने पाहिलेल्या बादलीसारखा जो समद्विभुज समलंब चौकोन, त्यालाही एकच. पण तो कोपऱ्यांतून जात नाही, वरच्या आणि खालच्या काठाच्या मध्यांतून जातो. हा फरक वाचकांनी मनात ठेवावा, पुढे तो कामी येणार आहे. चौकोनाचा अक्ष एकतर दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांतून जातो किंवा दोन समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यांतून. तिसरा मार्ग नाही. कारण घडी घातल्यावर कोपऱ्यांच्या जोड्या जुळायला हव्यात आणि चार कोपऱ्यांच्या जोड्या लावण्याचे हे दोनच प्रकार आहेत.

एखादे चौकस मूल विचारील की अक्ष शून्य, एक, दोन आणि चार झाले, मग तीन अक्षांचा चौकोन कोठे आहे? तो नाही आणि असूही शकत नाही. तीन अक्ष असतील तर ती आकृती मध्याभोवती एक तृतीयांश फेरा फिरवली तरी जशीच्या तशी दिसली पाहिजे. म्हणजे तिचे कोपरे तिनातिनांच्या गटांत वाटले गेले पाहिजेत. चारातून तीन गेले की एक उरतो, आणि उरलेल्या कोपऱ्याला जागेवर स्थिर राहायचे तर थेट केंद्रातच बसावे लागेल. समभुज त्रिकोणाला तीन अक्ष शोभतात, सुसम पंचकोनाला पाच, षट्कोनाला सहा आणि वर्तुळाला अगणित. हिरेबाजारातल्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. ब्रिलियंट कटच्या गोल हिऱ्याचे टेबल अष्टकोनी असते आणि त्याला आठ अक्ष असतात; प्रिन्सेस कटला चार, मार्क्विजला दोन, पेअर आणि हार्टला एकेक. प्रयोगशाळेच्या दाखल्यावर ‘सिमेट्री’ नावाचा जो रकाना असतो तो या घडीच्या रेषेचाच हिशेब. फरक इतकाच की हिऱ्याची घडी घालता येत नाही म्हणून ती डोळ्याने आणि यंत्राने घालतात.

अक्ष नाही म्हणजे आकृती बेढब, असा मात्र ग्रह करून घेऊ नये. समांतरभुज चौकोन अर्धा फेरा फिरवला की पुन्हा तसाच दिसतो. त्याला घडीची सममिती नाही, फिरवण्याची आहे. आपल्या नित्याच्या दर्शनातले याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे स्वस्तिक. देरासरात पाटावर अक्षतांचा साथिया काढताना हात ज्या सवयीने वळतो त्या सवयीमागे हे भूमितीचे सत्य आहे की स्वस्तिकाला एकही सममिती अक्ष नाही. पाव फेरा फिरवा, अर्धा फिरवा, पाऊण फिरवा, ते तेच राहते. पण आरशात धरले तर त्याच्या भुजा उलट दिशेला वळतात. म्हणूनच तर त्याच्या दिशेला अर्थ आहे. चौरसाला उजवे-डावे नसते, स्वस्तिकाला असते. नंद्यावर्ताचेही असेच. अष्टमंगलांच्या पाटीवर नजर फिरवली तर नेहमीच्या रेखाटनातला कलश आणि मीनयुगल उभ्या घडीचे, स्वस्तिक आणि नंद्यावर्त फेऱ्याचे. आणि त्याच पंक्तीत दर्पणही आहे, ज्याच्यासमोर धरल्याशिवाय हा भेद कळत नाही.

किहीमच्या वाळूतही दोन्ही जाती सापडतात. शिंपल्याची एकच झडप उचलली तर बहुधा तिची चोच एका बाजूला कललेली आढळते. तिला स्वतःची घडी नसते. पण बिजागरीला जोडलेल्या दोन्ही झडपा मिळाल्या तर त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. घडीची जागा झडपेत नाही, दोन झडपांच्या मध्ये आहे. शंखाला तर कोणतीच घडी नाही. दक्षिणावर्ती म्हणून ज्या शंखाला अपार किंमत येते, तो म्हणजे नेहमीच्या शंखाची आरशातली प्रतिमाच होय. निसर्गात ती क्वचित उपजते. अक्ष नसल्यामुळेच तिला वेगळी ओळख आहे आणि वेगळा भावही. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी १९३० साली याच किहीममध्ये सुगरण पक्ष्याच्या विणीचे निरीक्षण केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे झुलणारी घरटीही एका कुशीवर फुगलेली आणि दुसऱ्या कुशीवर नळी सोडलेली अशीच होती. हे जाता जाता.

आता भूखंडाकडे वळू, आणि त्यासाठी आपल्या परंपरेतील एका थोर गणितज्ञाचा आधार घेऊ. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, आजचे कर्नाटकातील मालखेड. त्यांच्या राज्यात महाराष्ट्राचा मोठा भाग होता. हा ग्रंथ मद्रासमध्ये १९१२ साली रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह छापला आणि १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. व्यापारी घराण्यांच्या कपाटांत ही सोलापूरची प्रत अवश्य असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भागीदारी, व्याज, सोन्याचा कस, धान्याची अदलाबदल, सगळे त्यात आहे. आणि क्षेत्रगणित या भागात जमिनीचे आकार आहेत.

महावीराचार्य चौकोनाचे पाच प्रकार सांगतात. चारही बाजू सारख्या तो सम, समोरासमोरच्या दोन-दोन बाजू सारख्या तो द्विद्विसम, दोन बाजू सारख्या तो द्विसम, तीन सारख्या तो त्रिसम, आणि कोणतीच कोणासारखी नाही तो विषम. आपण आज अक्षांवरून जी वर्गवारी करतो तिच्याशेजारी ही ठेवून पाहण्यासारखी आहे. त्यांच्या गणितात सम म्हणजे चौरस, द्विद्विसम म्हणजे आयत, द्विसम आणि त्रिसम म्हणजे बादलीच्या घाटाचे समलंब चौकोन. पहिल्या चारही प्रकारांना बाजूंच्या मध्यांतून जाणारा अक्ष आहे. पाचव्याला काहीच नाही. पतंग, तिरपा समभुज आणि समांतरभुज यांना या यादीत स्वतंत्र आसन नाही. शेतजमिनीशिवाय ते इतरही आकार घेतात: यवाच्या दाण्याचा, मुरजाचा म्हणजे मृदंगाचा, पणवाचा म्हणजे मधे बारीक असलेल्या वाद्याचा, वज्राचा. या सर्वांसाठी टोकाची रुंदी आणि मधली रुंदी यांच्या बेरजेच्या निम्म्याला लांबीने गुणा, असा त्यांचा सोपा नियम आहे. या आकारांची एकेक पाव बाजू घडीने उरलेल्या तिन्हींवर बसते, म्हणून एवढ्या तीन मापांत काम भागते. घडी जितकी जास्त तितकी मापे कमी. मोजणाऱ्याच्या दृष्टीने सममितीचा सर्वांत रोकडा फायदा हाच.

क्षेत्रफळ काढण्याच्या रीती ते दोन प्रकारांत मांडतात, व्यावहारिक आणि सूक्ष्म. व्यावहारिक म्हणजे ठोकळ. चौकोनाची ठोकळ रीत अशी: समोरासमोरच्या दोन बाजूंच्या बेरजेचे निम्मे, दुसऱ्या दोन बाजूंच्या बेरजेचे निम्मे, आणि या दोहोंचा गुणाकार. रीत जगभर जुनी आहे. इजिप्तमध्ये एडफू येथील मंदिराच्या भिंतीवर देवस्थानच्या जमिनींची जी नोंद कोरलेली आहे, तीही याच रीतीची. आणि आजही ‘समोर इतके फूट, मागे इतके फूट’ म्हणत बोटांवर हिशेब करणारा मनुष्य नकळत हेच करत असतो.

ही रीत आयताला अचूक लागू पडते. आयत नसेल तर चुकते. आणि चुकते ती नेहमी एकाच दिशेने. ठोकळ आकडा खऱ्या क्षेत्रफळापेक्षा जास्तच येतो, कमी कधीच येत नाही. कारण साधे आहे. चौकोन एका कर्णाने दोन त्रिकोणांत कापा. त्रिकोणाचे क्षेत्रफळ त्याच्या कोणत्याही दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून अधिक होऊ शकत नाही. त्या बाजूंमध्ये काटकोन असेल तेव्हाच ते तेवढे भरते. दोन्ही कर्णांनी असे कापून सरासरी घेतली की तीच ठोकळ रीत हाती येते. म्हणजे ठोकळ आकडा ही कमाल मर्यादा आहे, माप नव्हे. जमीन विकणाऱ्याच्या आणि सारा वसूल करणाऱ्याच्या पथ्यावर पडणारी अशी ही रीत शतकानुशतके टिकली याचे नवल वाटायला नको.

एक भूखंड कल्पू. मुंबई इलाख्यातील जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची असे आणि रुपयाप्रमाणे तिचेही १६ आणे पाडलेले असत. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आपला किहीमचा काल्पनिक बिगरशेती भूखंड रस्त्यालगत ९९ फूट आहे आणि आत १६५ फूट गेला आहे. मागची बाजूही ९९, दुसऱ्या कुशीची बाजूही १६५. साखळीच्या भाषेत तीन आणि पाच. समोरासमोरच्या बाजू सारख्या, कुंपण सरळ, डोळ्याला सगळे ठाकठीक. तीन पाचे पंधरा, पंधरा गुंठे. दलाल पंधरा सांगतो, घेणारा मान डोलावतो.

पण कोणीतरी एक कर्ण मोजतो आणि तो १३२ फूट भरतो. चार साखळ्या. तीन, चार, पाच: काटकोन त्रिकोणाची ही जुनी ओळखीची त्रयी. म्हणजे कर्णाने पाडलेला प्रत्येक त्रिकोण ९९ आणि १३२ फुटांच्या भुजांचा काटकोन त्रिकोण आहे. त्याचे क्षेत्रफळ ६५३४ चौरस फूट, बरोबर ६ गुंठे. दोन त्रिकोणांचे मिळून १२. पंधरातले तीन गुंठे कोठे गेले? कोठेच गेले नाहीत. ते कधी नव्हतेच. आत जाणाऱ्या बाजू रस्त्याला काटकोनात नसून तिरप्या आहेत. भूखंड आयत नाही, समांतरभुज चौकोन आहे. दुसरा कर्ण मोजला तर तो सुमारे २३८ फूट भरेल. आयत असता तर दोन्ही कर्ण सारखे, सुमारे १९२ फुटांचे भरले असते.

गवंडी हे जाणतो. पाया आखताना तो गुण्या लावतो, पण मोठ्या चौथऱ्याला गुण्या पुरत नाही. मग दोरी घेऊन दोन्ही कर्ण ताणून पाहतो आणि ते सारखे येईपर्यंत खुंट्या सरकवत राहतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, म्हणजे आयत. बाजू सारख्या पण कर्ण वेगळे, म्हणजे तिरपा. घडी न घालता घडीची परीक्षा करण्याची ही रीत आहे, कारण बाजूंच्या मध्यांतून अक्ष जात असेल तर घडीत एक कर्ण दुसऱ्यावर तंतोतंत बसतो.

याच परीक्षेचे एक रूप जैन शास्त्रग्रंथांच्या वाचकाला अगदी वेगळ्या ठिकाणी भेटते. शरीराच्या सहा संस्थानांत पहिले समचतुरस्र संस्थान. त्याचे जे स्पष्टीकरण टीकाकार देतात ते असे: पद्मासनात बसलेल्या पुरुषाच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतचे अंतर, उजव्या गुडघ्यापासून डाव्या खांद्यापर्यंतचे, डाव्या गुडघ्यापासून उजव्या खांद्यापर्यंतचे, आणि आसनापासून ललाटापर्यंतचे, ही चारही समान. यातली मधली दोन मापे पाहा. गुडघे आणि खांदे हे चार कोपरे धरले तर ती त्या चौकोनाचे कर्ण आहेत. गुडघ्यांची रेषा आणि खांद्यांची रेषा समांतर असताना हे दोन कर्ण सारखे भरले, तर तो समद्विभुज समलंब चौकोनच असतो, आणि त्याचा एकमेव अक्ष मेरुदंडावरून जातो. मूर्ती घडवणाऱ्याला हे माप दोरीने घेता येते. गवंड्याची दोरी आणि मूर्तिकाराची दोरी येथे एकच काम करतात.

महावीराचार्यांची सूक्ष्म रीत ही ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली दिलेल्या रीतीच्याच वळणाची. चार बाजूंच्या बेरजेचे निम्मे घ्या, त्यातून एकेक बाजू वजा करा, आलेल्या चार संख्यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. उदाहरणादाखल बादलीच्या घाटाचा एक तुकडा घेऊ: तळ १४, मुख ४, कुशीच्या बाजू १३-१३. बेरजेचे निम्मे २२. वजाबाक्या ८, १८, ९, ९. गुणाकार ११,६६४, त्याचे वर्गमूळ १०८. लंब काढून पडताळा पाहू: लंब १२, मुख आणि तळ यांच्या बेरजेचे निम्मे ९, बारा नव्वे १०८. जुळले. ठोकळ रीतीने मात्र ९ गुणिले १३, म्हणजे ११७ आले असते.

मग हीच सूक्ष्म रीत आपल्या किहीमच्या भूखंडाला लावू. साखळीत बाजू ५, ३, ५, ३; निम्मे ८; वजाबाक्या ३, ५, ३, ५; गुणाकार २२५; मूळ १५. पुन्हा पंधराच! २५ बाजूचा आणि ३० व ४० कर्णांचा समभुज चौकोन घेतला तरी तसेच. खरे क्षेत्रफळ ६००, रीत सांगते ६२५.

सूक्ष्म म्हटलेली रीत येथे का फसते? कारण ती फक्त त्या चौकोनांना लागू आहे ज्यांचे चारही कोपरे एका वर्तुळावर बसतात. आणि येथे मघाचा तो फरक कामी येतो. ज्या चौकोनाचा अक्ष बाजूंच्या मध्यांतून जातो, त्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर बसलेच पाहिजेत. अक्षावरचा कोणताही बिंदू घ्या. वरच्या दोन कोपऱ्यांपासून तो सारखाच दूर, खालच्या दोन कोपऱ्यांपासूनही सारखाच दूर. आता कुशीच्या एका बाजूच्या मध्यावर काटकोनात रेघ काढा. ती अक्षाला जेथे छेदते तो बिंदू त्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्यापासून सारखाच दूर. म्हणजे चारही कोपऱ्यांपासून समान अंतरावरचा बिंदू सापडला, तोच वर्तुळाचा मध्य. अक्ष कोपऱ्यांतून जाणारा असेल, पतंगासारखा किंवा तिरप्या समभुजासारखा, तर ही खात्री मिळत नाही. महावीराचार्यांच्या पहिल्या चार प्रकारांना रीत जी बिनचूक लागते, तिचे रहस्य हे आहे. शिवाय मुख आणि तळ यांच्या बेरजेच्या निम्म्याला लंबाने गुणण्याची रीत देताना ती विषम चौकोनाला चालत नाही, असेही ते स्पष्ट बजावतात. घडी नसलेल्या आकृतीपुढे सावध राहावे, ही जाण त्या शब्दांत दिसते.

तीन शतकांनी, ११५० साली, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त ही गोष्ट उघडपणे आणि त्यांच्या नेहमीच्या खट्याळपणाने सांगितली. त्याच चार बाजू ठेवून चौकोन दाबला तर कर्ण बदलतो आणि क्षेत्रफळही बदलते. तेव्हा कर्ण किंवा लंब यांपैकी एकही न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो त्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहूनही मोठे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ तेथे शिकवले जावेत अशी त्यात व्यवस्था आहे. चार बाजूंची मापे घेऊन दर विचारणारे आपण सगळेच त्या शिव्येस पात्र आहोत.

एवढ्यावर भूखंडाचा प्रश्न मिटत नाही, कारण घराण्यात जमीन येते तशी ती कधीतरी दोन भावांत वाटलीही जाते. समांतरभुज चौकोनाला अक्ष नसला तरी एक सोय आहे: दोन्ही कर्ण जेथे छेदतात त्या बिंदूतून कोणतीही सरळ रेषा काढा, क्षेत्रफळाचे बरोबर दोन भाग होतात, आणि दोन्ही भाग आकारानेही एकमेकांची अर्धा फेरा फिरवलेली प्रत असतात. आपले १२ गुंठे १३२ फुटांच्या कर्णावर वाटले तर प्रत्येकी ६. कागदावर कोणालाच बोलायला जागा नाही. प्रत्यक्षात मात्र एका भावाच्या त्रिकोणात रस्त्याची सगळी ९९ फूट बाजू येते आणि दुसऱ्याचा त्रिकोण रस्त्याला केवळ एका टोकाने टेकतो. मागे विहीर असेल तर ती दुसऱ्याकडे जाते. आडवी रेष मारली तर पुढचा अर्धा रस्त्यावर आणि मागच्याला वाट मागावी लागते. त्यात किनाऱ्यालगत भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या पट्ट्यात किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू असतात. एक हिस्सा समुद्राकडे आणि दुसरा गावाकडे गेला तर बांधकामाच्या दृष्टीने त्यांची किंमत एक राहीलच असे नाही. गुंठे समान आणि हिस्से असमान, अशी स्थिती होते. फिरवून जुळणारे दोन भाग भूमितीला सारखे असले तरी रस्ता फिरत नाही आणि समुद्रही फिरत नाही.

अशा वेळी आत जाणाऱ्या १६५ फुटांच्या बाजूंना समांतर, रस्त्याकडच्या ९९ फुटांच्या मध्यातून रेष काढावी. दोघांना साडेएकोणपन्नास फूट रस्ता, साडेएकोणपन्नास फूट मागची बाजू आणि सहा-सहा गुंठे मिळतात. हे दोन तुकडे एकमेकांची आरशातली प्रतिमा नाहीत आणि जुळवण्यासाठी ते फिरवावेही लागत नाहीत. एक नुसता बाजूला सरकवला की दुसऱ्यावर बसतो. दोन्हीकडे एकाच नकाशाचे घर तसेच्या तसे उभे राहू शकते. विहीर कोणाच्या हिश्श्यात गेली एवढेच बोलणे उरते आणि ते पाण्याच्या हक्काच्या लेखात स्वतंत्र ओळ घालून मिटवता येते.

खरेदी असो की वाटणी, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेणे हा रिवाज आहे आणि तो पाळावाच. सातबाऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते; एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि गुंठा त्याहून किंचित मोठा, सुमारे १०१ चौरस मीटर. मात्र मोजणीची तारीख मिळेपर्यंत, पहिल्याच भेटीत, दोरी घेऊन दोघांनी अर्ध्या तासात करण्याजोगे काम एवढेच: चार बाजूंबरोबर दोन्ही कर्ण मोजावेत आणि सहाही आकडे एका कागदावर लिहून घ्यावेत. बाजू एका कर्णासकट हाती आल्या की दोन त्रिकोण ठरतात आणि क्षेत्रफळ निश्चित होते. दुसरा कर्ण पडताळ्याला. मुले बरोबर असतील तर दोरीचे दुसरे टोक त्यांच्या हाती द्यावे.